शिशाचे शिपाई आणि वाळवंटाची जमीन

वाळवंटाचा देखावा करायचा असे कुणी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. पिवळीधमक वाळू, तिच्या लाटांसारख्या टेकड्या, कोपऱ्यात खजुराची दोन झाडे, एक उंट, आणि वर निळेशार आकाश. हे चित्र आपण सिनेमातून आणि शाळेतल्या तक्त्यांवरून उचलले आहे. या चित्रात शिशाचे किंवा प्लास्टिकचे चार-सहा शिपाई उभे केले की देखावा झाला, अशी समजूत असते. शिपाई मात्र त्यात पाहुण्यासारखे दिसतात. ते तिथे का उभे आहेत, ते उभे का आहेत, आडवे का नाहीत, हे त्या वाळूकडे पाहून काही कळत नाही. माझे म्हणणे असे की दोष शिपायांचा नसतो, जमिनीचा असतो. देखाव्यात जमीन आधी करावी लागते आणि तीच शिपायाला कुठे, कसा ठेवायचा ते सांगते. वाळवंटाच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे.

श्रोतेहो, हा छंद आपल्याकडे तसा परका वाटतो, पण त्याचे मूळ आपल्या अंगणात आहे. दिवाळीत मुले दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, मातीचे मावळे मांडतात. हा देखावाच झाला. फरक एवढाच की आपल्या किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि महाराज सिंहासनावर बसले तरी बुरुजाच्या वर डोके काढतात. त्यात काही बिघडत नाही, कारण किल्ला ही भक्तीची आणि हौसेची गोष्ट आहे, तिथे फूटपट्टी कुणी लावत नाही. युरोपात मात्र या छंदाला फूटपट्टी लागली. तिकडे या देखाव्याला 'डायोरामा' म्हणतात. हा शब्द दागेर या फ्रेंच चित्रकाराने १८२२ साली पॅरिसमध्ये काढलेल्या एका प्रेक्षागृहाचा. तिथे प्रचंड पडद्यांवर चित्रे रंगवून त्यांवर पुढून-मागून उजेड पाडीत आणि दिवसाची रात्र करून दाखवीत. हाच दागेर पुढे छायाचित्रणाच्या शोधामुळे जगाला माहीत झाला. त्याच्या प्रेक्षागृहाचा शब्द नंतर संग्रहालयांतल्या काचेमागच्या देखाव्यांना चिकटला, आणि तिथून शिपाई जमवणाऱ्यांच्या टेबलावर आला.

शिपायांविषयी दोन शब्द. जर्मनीत न्यूरेम्बर्गकडे कथलाचे चपटे शिपाई फार पूर्वीपासून ओतले जात. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यात पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती निघाली. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे, साच्याला लागलेला थर थिजला न थिजला तोच आतले पातळ शिसे बाहेर ओतून टाकायचे. उरते ते पोकळ कवच. शिसे कमी लागले, वजन घटले, किंमत उतरली आणि शिपाई घरोघर गेले. या शिपायाची उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंचांना थोडी कमी. ब्रिटनच्या यादीत आपल्या बिकानेरच्या उंटदळाचाही एक संच होता. हे उंटदळ, गंगा रिसाला, पहिल्या महायुद्धात सुएझ कालव्यावर खरोखरीच लढले होते. १९६६ साली ब्रिटनने शिशाचे शिपाई ओतणे थांबवले. आज जुने संच लिलावात जातात आणि त्यांच्या मूळ रंगाला सोन्याचा भाव येतो. नवे शिपाई प्लास्टिकचे, रेझिनचे किंवा बिनशिशाच्या मिश्रधातूचे असतात.

आता नुसते 'वाळवंट' म्हणून भागत नाही. कुठले वाळवंट, कुठला दिवस, ते आधी ठरवले पाहिजे. मी तोब्रुक घेतो, २० जून १९४२ ची सकाळ. कारण उघड आहे. लिबियाच्या किनाऱ्यावरच्या या बंदराच्या आग्नेय बाजूला त्या दिवशी फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. बेळगावच्या केंद्रात तयार झालेली, देशावरच्या आणि कोकणातल्या खेड्यांतली ही माणसे. त्यांची ब्रिगेड अकरावी इंडियन. तिच्यात त्यांच्याबरोबर स्कॉटलंडचे कॅमेरॉन हायलँडर्स आणि गुरखे. रोमेलने हल्ल्यासाठी नेमकी मराठ्यांचीच बाजू निवडली. पहाटे विमानांनी बॉम्ब टाकून ठाणी भाजून काढली, मागोमाग तोफा, मग पायदळ आणि सुरुंग काढणारे, आणि मग रणगाडे. संध्याकाळपर्यंत जर्मन बंदरात होते. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, तोब्रुक पडले आणि तीस हजारांवर सैनिक कैद झाले. रोमेल या विजयावर फील्डमार्शल झाला. आपल्याकडे या लढाईची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, कारण ती हाराची आहे. पुढे इटलीत १९४४ साली यशवंत घाडगे यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ते नाव आपल्याला ठाऊक असते. तोब्रुकच्या ठाण्यांत मेलेल्यांची नावे त्यांच्या गावाबाहेर कुणाला ठाऊक नसतात. इजिप्त आणि लिबियात ज्यांना धर्माप्रमाणे अग्नी दिला अशा सहाशेहून अधिक जणांचे स्मारक एल अलामीनच्या युद्धस्मशानात आहे. अशा माणसांचा देखावा करताना त्यांना बिस्किटाच्या डब्यावरच्या वाळूत उभे करणे मला बरे वाटत नाही. ते कशात मेले, निदान ते तरी खरे दाखवावे.

आणि ते वाळूत मेले नाहीत. ही पहिली गोष्ट. सहारा म्हणजे वाळूचा समुद्र असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सहाराचा फार तर पाव भाग वाळूचा आहे. बाकी खडक, गोटे, खडीची मैदाने. तोब्रुकच्या आसपास चुनखडीचे पठार आहे. समुद्राकडे ते पायऱ्यांसारखे उतरत जाते. वर मातीचा आणि धुळीचा पातळ थर, खाली फावडे टणकन आपटेल असा दगड. खंदक खणायचा तर पहार आणि सुरुंगाची दारू हवी. जिथे खणता येत नाही तिथे शिपाई दगड रचतात, कमरेएवढा किंवा गुडघ्याएवढा गोल बांध करतात आणि त्याच्या आड निजतात. याला फौजेत 'संगर' म्हणतात. हा शब्द आपल्याच फौजेने वायव्य सरहद्दीवरून, पठाणांच्या मुलुखातून, थेट लिबियापर्यंत नेला. ज्याला वाळवंटातले पायदळ दाखवायचे आहे त्याने खजूर विसरावा आणि संगर करायला शिकावे.

तोब्रुकच्या ठाण्यांची तऱ्हा आणखी वेगळी होती. ती मूळ इटालियनांनी बांधलेली. बंदराभोवती सुमारे तीस मैलांचे कडे, त्यात काँक्रीटचे खंदक आणि खड्डे, पण सगळे जमिनीच्या सपाटीत. वर भिंत नाही, बुरूज नाही. शंभर पावलांवरून पाहिले तर काही दिसू नये. पुढे रणगाडे अडवायला चर होता, तो १९४२ पर्यंत बऱ्याच ठिकाणी बुजला होता. पेरलेल्या सुरुंगांपैकी कितीतरी दुसऱ्या आघाडीसाठी काढून नेले होते. म्हणजे देखावा करणाऱ्याला करायचे काय, तर जे दिसत नाही ते. हा पेच मला फार आवडतो. सगळे शिल्प जमिनीच्या खाली आणि वर नुसता सपाट माळ.

तो पेच सोडवायला प्रमाण नीट ध्यानात घेतले पाहिजे. ५४ मिलिमीटरचा शिपाई म्हणजे खऱ्या माणसाच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढा. एक मीटर म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर. दीड फूट लांबीची फळी म्हणजे अठ्ठेचाळीस फूट जमीन, एखाद्या मोठ्या वर्गखोलीएवढी. बस्स. तोब्रुकचे सगळे कडे याच प्रमाणात करायचे तर दीड किलोमीटर लांबीचे टेबल लागेल. उघड्या माळावर चालताना शिपाई एकमेकांपासून वीस-वीस पावले अंतर ठेवतात, एका गोळ्यात दोघे जाऊ नयेत म्हणून. वीस पावले म्हणजे आपली सबंध फळी! प्रमाणाला धरून चालले तर एका फळीवर एकच शिपाई मावतो. आणि नवशिका काय करतो, तर दीड फुटात वीस शिपाई, एक रणगाडा, एक तोफ, वर उंट. मग ते वाळवंट राहत नाही, सोमवारचा बाजार होतो. पैसे देऊन आणलेला शिपाई कपाटात ठेवायचा म्हणजे जिवावर येते, हे मी समजू शकतो. पण वाळवंटाचा देखावा हा शिपाई काढून घेण्याचा खेळ आहे. सहा ठेवले असतील तर तीन काढा. मग एकाला आणखी काढता येईल का ते पाहा.

यातून एक वाट अशी की देखावा अशा जागेचा निवडायचा जिथे माणसे खरोखरच जवळजवळ असतात. ठाण्याचा खंदक, ब्रेन मशिनगनीची जागा, जखमींना ठेवायची कोठडी, चहाची वेळ. चहाचे सांगतो. त्या वाळवंटात ब्रिटिश फौजेचे पेट्रोल चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून येई. डबे इतके भिकार की वाटेतच गळून पेट्रोल सांडायचे. रिकामा डबा अर्धा कापायचा, त्यात वाळू-माती भरायची, वर थोडे पेट्रोल ओतून काडी लावायची, झाली चूल. तिच्यावर दुसऱ्या डब्यात पाणी उकळायचे. पाणी माणशी दिवसाला गॅलनभर, तेही मिळाले तर; त्यातच पिणे, स्वयंपाक, दाढी. एवढे समजल्यावर देखाव्यात काय येईल ते आपोआप ठरते. काळवंडलेला अर्धा डबा, त्याच्याभोवती उकिडवे बसलेले तिघे, पाण्याचा डबा सावलीत आणि कुणाच्या तरी हाताशी. असा प्रसंग चढाईच्या पवित्र्यातल्या दहा शिपायांपेक्षा वाळवंट जास्त सांगतो. खेळण्यातले शिपाई बहुधा बंदूक रोखलेले नाहीतर धावणारे मिळतात, बसलेले फार थोडे. तेव्हा गुडघे कापून, वाकवून, लांबीने भरून बसवावे लागतात. मात्र ही कापाकापी नव्या, स्वस्त शिपायांवर करावी. ब्रिटनचा मूळ रंग असलेला जुना शिपाई कापणे किंवा नव्याने रंगवणे म्हणजे ताम्रपट घासून लख्ख करण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष जमीन. इथे पहिला मोह खरी वाळू वापरण्याचा होतो, आणि तो आवरला पाहिजे. वाळवंटातला वाळूचा कण सुमारे पाव मिलिमीटरचा. तोच कण आपल्या शिपायाच्या पायाशी ठेवला तर बत्तीस पटीने आठ मिलिमीटरचा भासतो, म्हणजे हरभऱ्याएवढा. शिपाई हरभऱ्यांच्या राशीत उभा आहे असे दिसते. माणूस लहान केला, रणगाडा लहान केला, पण वाळू लहान करता येत नाही. ती जात्याच बारीक आहे, तिचे आणखी बारीक रूप म्हणजे पीठ. म्हणून वाळूच्या जागी पीठ वापरायचे. आपल्याकडे यासाठी देवाने दिलेली वस्तू म्हणजे रांगोळी. तीही मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्यावी. तिच्यात पिवडी आणि चिमूटभर काव घातली, थोडी राख घातली की तोब्रुकच्या धुळीजवळ जाणारा रंग येतो. हा रंग सोनेरी नसतो. दूध जास्त झालेल्या चहात थोडी राख पडावी तसा, फिकट आणि काहीसा उदास. भर दुपारी तर तो जवळजवळ पांढरा दिसतो. रंगवताना मनाला वाटेल त्याहून दोन छटा फिकाच ठेवावा. लहान वस्तू लांबून पाहिल्यासारखी वाटायला हवी, आणि अंतर रंग उडवते.

समुद्रकाठची वाळू तर अजिबात नको. तिच्यात मीठ असते, मीठ हवेतला ओलावा ओढते, आणि पावसाळ्यात देखाव्याखालचा खिळा न् खिळा गंजतो. शिवाय कोकणच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि रत्नागिरीकडे इल्मेनाइटचे काळे कण असतात. लिबियाचे वाळवंट काही त्या रंगाचे नाही. असाच घोटाळा खडीचा. आपला महाराष्ट्र काळ्या दगडावर बसला आहे. बांधकामाच्या ढिगातून चार खडे उचलले तर ते बेसाल्टचे निघतात. त्या काळ्या खड्यांनी केलेला संगर फार सुरेख दिसतो, फक्त तो सिन्नरजवळचा दिसतो. तोब्रुकला चुनखडी हवी. प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ वडी थापावी, वाळल्यावर हातोडीने फोडावी. कडा धारदार येतात, तुटलेला पृष्ठभाग खडबडीत येतो, आणि त्या तुकड्यांना फिक्या चहाचे पाणी पाजले की रंगही बसतो. खऱ्या संगरात माणसाला उचलता येईल तेवढाच दगड असतो. म्हणजे आपल्या प्रमाणात एक सेंटिमीटरच्या आतबाहेर. फार मोठे धोंडे रचू नयेत. ते कुणी आणले, असा प्रश्न पडतो.

बैठकीसाठी मी लाकडी फळीवर कागदाचा लगदा आणि शाडू असा थर देतो. नुसती शाडू वाळताना तडकते. अर्थात चुनखडीच्या माळावर थोड्या भेगा शोभतातच, पण त्या आपण ठरवू तिथे पडत नाहीत. थर ओला असतानाच प्रत्येक शिपायाच्या पायाखालच्या पट्टीएवढा खड्डा करून ठेवावा. खेळण्यातला शिपाई एका पट्टीवर उभा असतो, आणि ती पट्टी जमिनीवर दिसली की सगळा भ्रम गेला. पट्टी खड्ड्यात बसवायची, कडेने रांगोळी भुरभुरायची. शिपाई चिकटवायचा नाही. तो उद्या काढता आला पाहिजे, पुसता आला पाहिजे, विकता आला पाहिजे. जमीन मात्र पाणी घातलेल्या फेविकॉलने पक्की करावी, नाहीतर पंखा लावला की वाळवंट स्वयंपाकघरात जाते.

झाडेझुडपे फार थोडी. गुडघ्याएवढी, काटेरी, धुळीने मळलेली झुडपे हवीत. वाळ्याच्या मुळ्या तोडून मुठीत चुरल्या की ती तयार होतात; काथ्याही चालतो. हिरवा रंग डबीतच राहू द्यावा. दर झुडपाच्या वाऱ्याआडच्या बाजूला वारा धुळीची एक शेपटी साठवतो. सगळ्या शेपट्या एकाच दिशेला हव्यात. हा बारकावा फार कमी लोक सांभाळतात, आणि ज्यांनी वाळवंट पाहिले आहे त्यांच्या डोळ्यांना तो पहिल्याप्रथम खुपतो.

वारा आणि वाळू यांचे गणित ज्याने प्रथम नीट मांडले तो बॅग्नोल्ड हा याच वाळवंटातला माणूस होता, हे जाता जाता सांगायला हवे. ब्रिटिश फौजेतला इंजिनियर. सुट्टीत मोटारी घेऊन लिबियाच्या वाळूत हिंडायचा, नंतर लंडनला प्रयोगशाळेत वाऱ्याचा बोगदा करून वाळू उडवून पाहायचा. १९४० साली त्याने वाळवंटात दूरवर शत्रूच्या पिछाडीस हिंडणारी तुकडी उभी केली आणि १९४१ साली त्याचे उडत्या वाळूवरचे पुस्तक निघाले, जे अजून शास्त्रज्ञ चाळतात. वाळूचा कण हवेत तरंगत जात नाही, तो उड्या मारीत जातो, जमिनीलगत. उंच चढते ती धूळ. टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य चढाची, आणि आडोशाची बाजू सुमारे चौतीस अंशांची, कारण त्याहून उभी वाळू राहतच नाही, घसरते. ज्याला वाळूच्या टेकड्या करायच्याच आहेत त्याने कोनमापक घेऊन बसावे. बहुतेक देखाव्यांतल्या टेकड्या दोन्हीकडून सारख्या असतात, तांदळाच्या राशीसारख्या.

असे वाळूचे वाळवंट खरेच हवे असेल तर तोब्रुक सोडून आपल्या थरला यावे. लोंगेवालाची लढाई, ४ आणि ५ डिसेंबर १९७१. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालची २३ पंजाबची एक कंपनी रात्रभर पाकिस्तानी रणगाड्यांपुढे टिकली आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमाने आली. तिथे वाळूच्या टेकड्या खऱ्या, आणि त्या नुसत्या शोभेच्या नव्हेत. रणगाडे मऊ वाळूत रुतले, आणि विमानांना वर आडोसा नसलेली लक्ष्ये मिळाली. ठाणे उंचवट्यावर होते म्हणून खालचे दिसले. तोब्रुकला खडकाने आपल्या माणसांना खणू दिले नाही. लोंगेवालाला वाळूने शत्रूला हलू दिले नाही. दोन्ही देखाव्यांत तोच शिपाई, तीच बंदूक चालेल असे कुणी म्हणाले तर म्हणू द्यावे. जमीन मात्र एकीची दुसरीला चालणार नाही.

तोब्रुकच्या शिपायाचा पोशाख फार अवघड नाही. खाकी सदरा, खाकी अर्धी विजार, लोकरी मोजे, बूट, डोक्यावर पोलादी टोप. पण खाकी ताजी नको. उन्हाने, घामाने आणि खाऱ्या पाण्यात धुऊन ती विटून गेलेली असते, पाठीवर घामाचे पांढरे वाळलेले नकाशे असतात. बाजारात रोमेलच्या सैन्याचे शिपाई हवे तेवढे मिळतात, त्या मानाने हिंदी शिपाई कमी. मग लोक ब्रिटिश शिपायाचा चेहरा तपकिरी रंगाने माखतात आणि काम झाले म्हणतात. एक हात रंगाने चेहरा होत नाही. गडद रंग आधी, त्यावर गालाच्या हाडांना, नाकाला, कपाळाला उजळ रंग, आणि डोळे पूर्ण उघडे काढायचेच नाहीत. त्या उन्हात आणि माश्यांत डोळे मोठे करून कुणी बघत नाही.

जुन्या शिशाच्या शिपायांना एक रोग लागतो, तो या कामात विसरू नये. ओक किंवा तसल्या लाकडातून आंबट वाफा निघत असतात. बंद पेटीत त्या साचल्या की शिशावर पांढरी भुकटी धरते आणि शिपाई आतून खात जातो. काच बसवायला आंबट वासाचे सिलिकोन वापरले तरी तेच. फळीला सगळीकडून रंग द्यावा, पेटीला हवा जायला फट ठेवावी, आणि गोंद-रंग पुरते वाळून वास गेल्याशिवाय जुने शिपाई आत ठेवू नयेत. ती पांढरी भुकटी विषारी आहे. हात धुवावेत, आणि लहान मुलांच्या हाती असा शिपाई देऊ नये. त्यांना दिवाळीचा मावळा पुष्कळ बरा.

राहिले आकाश आणि उजेड. मागचा पडदा कोपऱ्यात मोडू नये, अर्धगोल वळवावा. नाहीतर आकाशाला घडी पडते. आकाश वर निळे असले तरी क्षितिजाशी धुळीने पांढुरके होते, तिथे जमीन कुठे संपली ते कळू नये इतके. पडद्यालगत लहान मापाचा, पाऊण-एक इंची शिपाई किंवा गाडी ठेवली तर ती दुपटीहून अधिक दूर वाटते. रिकाम्या जागेला लांबी येते. दिवा कुठे ठेवायचा हेही त्या सकाळवरून ठरते. जूनमध्ये तिथे सूर्य ईशान्येला उगवतो. आग्नेयेकडे तोंड करून ठाण्यात बसलेल्या मराठा शिपायाच्या तो डाव्या अंगाला आला, बराच खाली. म्हणजे दिवा डावीकडून, बुटका, आणि सावल्या लांब, उजवीकडे मागे गेलेल्या. बॉम्बवर्षावानंतरचा क्षण दाखवायचा असेल तर सावल्यांच्या कडा पुसट कराव्या लागतील, कारण धूळ आणि धूर यांनी ऊन गाळून घेतलेले असते. दिव्यापुढे पातळ तेलकट कागद धरला की ते साधते.

पेटी टेबलावर ठेवून लोक वरून पाहतात, विमानातून पाहावे तसे. ती छातीच्या वर, फळीची कड डोळ्यांच्या जरा खाली येईल अशी ठेवावी. तेवढ्या उंचीवरून ठाण्याचा खंदक जवळजवळ दिसत नाही, दोन पोलादी टोप आणि ब्रेनची नळी तेवढी दिसते, आणि पुढे माळ. काही पाहुणे विचारतात, शिपाई कुठे आहेत? त्यांना म्हणावे, जरा टाचा उंच करा. पुढे काच मात्र हवीच. आपल्याकडे उन्हाळ्यात दोन आठवड्यांत सगळ्यावर धुळीचा थर बसतो, आणि ती धूळ तोब्रुकच्या रंगाची नसते.